न सुटणारी मूठ

मी नागपूरला गेले ती माझ्यासाठी नव्हे, मुलीसाठी. आजार मलाही आहे हे तिथे डॉक्टरबाईंनी माझा हात हातात घेतला तेव्हा कळलं.

आमचं घर आमगावला. मी ब्लाउज शिवते, म्हणजे शिवत होते. नवरा राइस मिलमध्ये मशीनवर आहे. मुलगी श्रुती तेव्हा बारा वर्षांची होती. ती उशिरा चालायला लागली, सपाट रस्त्यावरही पडायची, नाकातून बोलायची. तिचं तोंड नेहमी थोडं उघडं असायचं आणि चेहरा फारसा हलायचा नाही. ती हसते आहे की रुसली आहे हे बाहेरच्यांना कळत नसे. शाळेत बाकावर डोकं टेकवून झोपायची. "पोरगी आळशी हाये," असं मास्तरांपासून शेजारणीपर्यंत सगळे म्हणत. टॉनिकं झाली, कॅल्शियम झालं. शेवटी गोंदियाचे लहान मुलांचे डॉक्टर म्हणाले, हिला नागपूरला मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांकडे न्या.

डिसेंबर होता. आम्ही तिघं सकाळच्या गाडीने निघालो आणि दुपारी आमचा नंबर लागला. डॉक्टरबाई पन्नाशीच्या असतील. त्यांनी श्रुतीला चालायला लावलं, डोळे घट्ट मिटायला लावले, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली. मग उठून माझ्यापुढे हात केला.

"ताई, हात मिळवा."

मला हसू आलं. मी आजवर कोणाशी असा हात मिळवला नव्हता. मी त्यांचा हात धरला.

"घट्ट. अजून घट्ट. आता सोडा."

माझी बोटं सुटली नाहीत. मला त्याची सवय होती, म्हणून मी घाईघाईने म्हटलं, "थंडीनं होते मॅडम. सुटते आता."

त्यांनी हात ओढून घेतला नाही. माझं एकेक बोट सावकाश उघडेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या. मग खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या. मी आणलं होतं मुलीला आणि त्या पाहत होत्या माझ्याकडे.

"हे कधीपासून होतं?"

"मॅट्रिकला होती तवापासून. शिवणकामानं असंन."

"डोळ्यांचं ऑपरेशन?"

दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढला होता. एवढ्या कमी वयात कसा, म्हणून डोळ्यांचे डॉक्टर चकित झाले होते. त्याचा दोषही मी शिलाई मशीनवर टाकला होता. रात्रंदिवस सुईत दोरा ओवल्यावर डोळे जाणारच.

"वडील आहेत?"

"नाही. खळ्यावर बसले होते, बसल्या जागीच गेले."

त्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दोघींचं रक्त पाठवायचं आहे."

नमुना आणि नक्कल

रिपोर्ट यायला बरेच आठवडे लागले. आजाराचं नाव मायोटोनिक डिस्ट्रॉफी. मी ते कितीतरी दिवस चुकीचंच म्हणत होते.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "तुम्ही ब्लाउज शिवता ना? मग तुम्हाला कळेल." आणि त्यांनी सांगितलं ते मला खरंच कळलं. शरीराच्या प्रत्येक पेशीत मूळ नमुने जपून ठेवलेले असतात. कामासाठी त्यांची नक्कल काढतात, तिला आरएनए म्हणतात. नक्कल तशीच वापरत नाहीत. तिच्यातला नको तो भाग कापून मगच ती पुढे शिवायला जाते. कुठे कापायचं हे सांभाळणारी काही प्रथिनं असतात, ती आरएनएला धरून काम करतात. आमच्या एका नमुन्यात तीनच अक्षरं पुन्हा पुन्हा लिहिली गेली आहेत. त्यामुळे त्याची नक्कल लांबच लांब निघते आणि तिचा गुंता होतो. ही प्रथिनं त्या गुंत्याला धरून बसतात, तिथून सुटतच नाहीत. मग बाकीच्या नकला चुकीच्या कापल्या जातात. हाताच्या, डोळ्यांच्या, हृदयाच्या, झोपेच्या. म्हणून एकाच माणसाचं इतकं सगळं एकदम बिघडतं.

मी विचारलं, "मंग त्याइले तिथून सोडवता येत नाही का?"

"त्यावरच जगात काम चालू आहे. पण आज माझ्याकडे ते औषध नाही. मूठ जरा लवकर सुटावी म्हणून एक गोळी देता येते, तीही हृदय पाहून. मूळ आजार थांबवायला काही नाही."

तेव्हा मला त्यांचा राग आला. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला कोणी असं तोंडावर सांगतं का, असं वाटलं. आता वाटतं, खोटं बोलल्या असत्या तर आम्ही अजून किती दवाखाने फिरलो असतो.

अजून एक गोष्ट त्यांनी सांगितली. ही अक्षरं पिढीगणिक वाढत जातात. माझ्या बाबांना थोडं, मला त्याहून जास्त, श्रुतीला माझ्याहून जास्त. प्रत्येक मुलाला हा आजार येण्याचा धोका निम्मा असतो.

"श्रुतीच्या आधी काही?" त्यांनी विचारलं.

माझा नवरा खिडकीकडे पाहू लागला.

पहिली

श्रुतीच्या आधी मला मुलगी झाली होती. पोटात ती फार कमी हलायची आणि पाणी मात्र जास्त होतं. जन्मली तेव्हा रडली नाही. हातापायांत जीव नव्हता, उचललं की ओल्या कपड्यासारखी लोंबायची. तिला दूध ओढता येत नव्हतं. मी कापसाने थेंब थेंब पाजायचे, तेही बाहेर यायचं. गोंदियाच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत तिला ठेवलं. तिचं नाव ठेवायच्या आधीच ती गेली.

सासूबाई म्हणाल्या, "गिऱ्हानात कात्री धरली हिनं. मी सांगत होती, नोको धरू." आमच्याकडे गरोदर बाईने ग्रहणात काही कापायचं नसतं. मी त्या दिवशी कात्री धरली होती हे खरं होतं. लग्नसराई होती, बायका ब्लाउजांसाठी दारात बसून होत्या. सासूबाई वाईट नव्हत्या. त्यांनाही नात गेल्याचं दुःख होतं आणि ते कुठे ठेवावं हे कळत नव्हतं. पण मी ते मनात धरून बसले. श्रुतीच्या वेळी मी नऊ महिने कात्रीला हात लावला नाही.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्याचा काही संबंध नाही. तुमच्यामुळे काही झालं नाही."

हे ऐकून हलकं वाटेल असं मला वाटलं होतं. वाटलं नाही. कात्री हातातून खाली ठेवता येत होती. आता कारण माझ्या रक्तात निघालं, ते कुठे ठेवणार?

परतीची गाडी तुमसरच्या पुढे आली तेव्हा नवरा म्हणाला, "आता पोरगं पाहिजे म्हनून मायनं कितीबी म्हटलं तरी नाही." मी म्हटलं, मी मुलं बंद करायचं ऑपरेशन करून घेते. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं की मला भूल देणं धोक्याचं आहे, ते त्याने लक्षात ठेवलं होतं. "तू नोको. मी करतो," तो म्हणाला.

आणि त्याने केलं. मिलमधल्या माणसांनी त्याची खूप थट्टा केली. "भाऊ, बायकोचं काम तुमी काऊन केलं?" कोणीतरी साडी नेसून ये म्हणालं. त्याने घरी येऊन यातलं काही सांगितलं नाही, मला दुसऱ्यांकडून कळलं. या सगळ्या काळात माझ्यासाठी कोणी काय केलं असं विचारलं तर मला आधी हेच आठवतं.

वॉर्ड

डॉक्टरबाईंनी माझा ईसीजी काढला आणि हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. हृदयाला ठोका द्यायचा निरोप मध्येच अडत होता. पेसमेकर बसवावा लागेल म्हणाले. मी टाळत राहिले. मग एका सकाळी चुलीपुढून उठताना डोळ्यांपुढे अंधार आला आणि शुद्धीवर आले तेव्हा श्रुती माझ्याजवळ बसून मला हलवत होती. तिला ओरडून कोणाला बोलवावं हे सुचलं नव्हतं, किंवा तिचा आवाज पोचला नव्हता. त्याच आठवड्यात आम्ही नागपूरला गेलो.

वॉर्डात पहाटे फिनाइलचा वास यायचा, मग चहा, मग थर्मामीटर. सिस्टर आल्या की नवरा त्यांना आधी सांगायचा, "हिले झोपेचा, भुलीचा औषध विचारल्याबिगर देऊ नोका." रोज नव्या सिस्टर, रोज तेच वाक्य. तोंडपाठ झालं होतं त्याला. एका सिस्टरने हसून म्हटलं, "काका, फाइलवर लिहिलंय मोठ्या अक्षरात." तो म्हणाला, "लिहिलं असंन. तरी सांगतो."

शेजारच्या खाटेवर बालाघाटकडची एक म्हातारी होती. तिलाही पेसमेकर बसला होता. ती मला म्हणाली, "बहन, ये बैटरी कितने साल चलेगी?"

"बहोत साल चलती बोलते."

"हाँ, पर मैं कितने साल चलूँगी, ये कोई नहीं बताता."

आम्ही दोघी हसलो. टाके दुखले. पेसमेकर बसल्यावर डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नसतो आणि उजव्या हाताची बोटं कंगवा धरला की सुटत नव्हती. हे पाहून त्या म्हातारीने न विचारता माझे केस विंचरून वेणी घातली. तिचा स्वतःचा हात त्याच कारणाने उचलत नव्हता, म्हणून मला खाली फरशीवर बसायला लावलं. ती घरी गेली त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले. नवऱ्याला वाटलं टाका दुखतो आहे.

भीतीबद्दल लिहावं म्हणून बसते, पण ती एका जागी सापडत नाही. ऑपरेशनच्या टेबलावर मी घाबरले नव्हते. घाबरले ते घरी आल्यावर, साधं पाणी पिताना. पाणी श्वासनलिकेत गेलं आणि किती वेळ श्वासच येईना. तेव्हा कळलं की ती बॅटरी फक्त हृदय सांभाळेल. घसा, पाय, हात, झोप, यांना बॅटरी नाही.

चिचगड

माझं माहेर चिचगडजवळ. तिथे माय आणि माझा धाकटा भाऊ सुधाकर राहतात. बाबा गेल्यापासून शेती तोच करतो. त्याचं लग्न ठरलं होतं, मुलगी देवरीकडची. डॉक्टरबाईंनी मला निक्षून सांगितलं होतं की भावाला तपासायला हवं, निदान त्याचा ईसीजी तरी काढा.

मी गेले तेव्हा मोहफुलाचे दिवस होते. माय अंगणात फुलं वाळत घालत होती.

"माय, सुधाकरची तपासनी करा लागते. लगनाच्या आंधी."

"कायले?"

"माह्यावानी त्यालेबी असू शकते."

मायने फुलं पसरणं थांबवलं नाही. "तुह्या बापाची मूठबी अशीच अडके. नांगर धरला का हात सुटे नाही. ऊन पान्यात हात बुडवे अन् पुन्हा कामाले लागे. त्यानं का लगन नाही केलन? तुमी दोघं नाही झाले?"

मायला ठाऊक होतं. नाव ठाऊक नव्हतं, पण बाकी सगळं ठाऊक होतं. लहानपणी आम्ही बाबांना झोपाळू म्हणून हसायचो. ते जेवता जेवता पेंगायचे. त्यांच्या पापण्या कधी पूर्ण उघडायच्याच नाहीत.

मी म्हटलं, "बाबा खळ्यावर बसल्या बसल्या गेले, माय."

"मंग? लोकं म्हनत, नशिबाचा मानूस, तरास नाही झाला."

"माही पहिली पोर गेली."

"सगळ्याइच्याच जातात."

"सुधाकरच्या लेकराइले झाला तं?"

"तं तो पाहीन, त्याची बायको पाहीन. तू काऊन पाहून राहिली?"

सुधाकर ट्रॅक्टर लावून आत येत होता. "कायचा गोठ चालला?" त्याने हसत विचारलं.

माय माझ्याकडे पाहत होती. मी त्याला म्हटलं, "मूठ घट्ट बंद कर. आता झटक्यानं उघड."

त्याला वाटलं मी काही गंमत करते आहे. त्याने मूठ बंद केली आणि उघडायला गेला. उन्हाळा होता, त्यामुळे माझ्याएवढा वेळ लागला नाही. पण लागला. तो आधी बोटांकडे पाहत होता, मग माझ्याकडे. "हे तं मले आंधीपासूनच होते ताई," तो म्हणाला. माय सूप उचलून आत गेली.

मी त्याला जेवढं समजावता आलं तेवढं समजावलं. काही दिवसांनी तो एकटाच मुलीच्या गावी गेला आणि तिच्या वडिलांना सगळं सांगून आला. त्यांनी त्याला चहा दिला, शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "पाव्हणे, सांगतलं हे बरं केलं." लग्न मोडलं. बातमी आजूबाजूच्या गावांत गेली. त्यानंतर त्याला स्थळ आलं नाही.

ईसीजी त्याने अजून काढलेला नाही. मी फोनवर विनवते, तो म्हणतो, "ताई, सांगायचं होतं त्याइले सांगलो, झाला. आता त्या मशीनखाली नाही निजत. माहीत करून का करू?" तो अजून ट्रॅक्टर चालवतो. चिचगडहून फोन आला की माझ्या छातीतली बॅटरीही ऐकत असेल असं वाटतं.

माय माझ्याशी बोलत नाही. शेजारच्या काकूंना ती म्हणाली, "माह्याच पोरीनं माह्या पोराचा घर बसू देला नाही." काकूंनी मला सांगितलं. मी मायच्या जागी असते तर काय केलं असतं, हे मी खूपदा मनाशी विचारून पाहते. उत्तर रोज वेगळं येतं.

ज्यांना हे आहे त्यांच्यासाठी

हे मी वाचणाऱ्यांपैकी ज्याची मूठ थंडीत अडकत असेल त्याच्यासाठी लिहिते आहे. हात कामाने आखडला असं समजून गप्प बसू नका. कमी वयात मोतीबिंदू झाला, घरात कोणी बसल्या बसल्या गेलं, लेकरू लुळं जन्मलं, या सगळ्या गोष्टी एकाच डॉक्टरला सांगा. मी वेगवेगळ्या डॉक्टरांना वेगवेगळ्या सांगितल्या, म्हणून इतकी वर्षं गेली. दात काढायचा असला तरी भुलीआधी आजाराचं नाव सांगा. दरवर्षी ईसीजी काढा. पाणी पिताना हनुवटी खाली ठेवा.

घरच्यांना सांगावं की नाही, याबद्दल मी काही लिहू शकत नाही. मी सांगितलं. सांगितल्याने कोणाचं भलं झालं असं मला अजून दिसलेलं नाही. न सांगता राहता आलं असतं असंही वाटत नाही.

मशीन मी बंद केलं आहे. पाय उचलत नाही, उंबऱ्याला अडकतो. सासूबाई आता ग्रहणाचं बोलत नाहीत. त्या माझ्यासाठी भात मऊ शिजवतात, पेज करतात आणि समोर बसून राहतात, मी गिळेपर्यंत. श्रुतीने नववीनंतर शाळा सोडली. तिला वाचायला आवडतं, पण दोन पानांत झोप येते. मग उठून ती तीच दोन पानं पुन्हा वाचते.

मागच्या खेपेला नागपूरला तिचा ईसीजी काढला. डॉक्टरबाईंनी ती पट्टी बराच वेळ पाहिली. पहिल्यांदाच त्यात फरक दिसला होता. त्या म्हणाल्या, "आता वर्षभर थांबायचं नाही, लवकर लवकर यायचं." श्रुती तिथेच बसलेली होती.

परत येताना गोंदियाला आमगावच्या गाडीची वाट पाहत आम्ही फलाटावर बसलो होतो. तिचे बाबा पाणी आणायला गेले होते. बाकावर आमच्या शेजारी कोणी नव्हतं. श्रुती म्हणाली, "आई, मामाचा लगन नाही झाला. म्हंजे मामापासून कोनालेच होनार नाही न?"

"नाही."

"अन् मीबी नाही करत लगन. मंग माह्यापासूनबी नाही."

"नाही."

"म्हंजे मीच शेवटची."

मी हो म्हटलं.

"मंग बरा हाये," ती म्हणाली.